एकटीसाठी दोघांची खोली

"भित्तीकडं त्वांड करून झोपती. जागी हाय का झोपली हाय, मानसानं वळखावं तरी कसं," मायाक्का स्वतःशीच कुरकुरली आणि गादीवर उठून बसली.

नुकतंच उजाडत होतं. तिची गादी प्रियदर्शनीच्या पलंगाला इतकी लागून होती, की तिच्या मशेरीचा वास आणि तिच्या मनातलं बोलणं, दोन्ही उशीपर्यंत पोचत. प्रियदर्शनी जागीच होती. भिंतीकडे तोंड करून झोपायचं कारण साधं होतं. त्या घरात तिच्या चेहऱ्यावर लक्ष न ठेवणारी तेवढी एक भिंतच उरली होती.

"जागी आहे, अक्का," ती भिंतीलाच म्हणाली.

"तुला कोन काय म्हनलं? मी पंख्याला म्हनत हुते," मायाक्का म्हणाली.

मायाक्का ही प्रियदर्शनीची थोरली नणंद, दुधनी गावची. प्रियदर्शनीचा नवरा शिवपुत्र गेला तेव्हा ती सोबतीला म्हणून आली. माणूस गेला की मागे राहिलेल्या बाईच्या सोबतीला काही दिवस कुणीतरी झोपायला येतं, ही आपल्याकडची चांगली रीत आहे. सोबत सुरू कुणी करायची हे ठरलेलं असतं. बंद कुणी करायची, हे मात्र कुणाच्या आज्यापणज्यानेही सांगून ठेवलेलं नाही. मायाक्का आली तेव्हा तिच्या हातात एक कापडी पिशवी होती. दिवस झाले, महिना झाला, पिशवीची ट्रंक झाली, देव्हाऱ्यात तिचे देव आले. वर्ष व्हायला आलं तशी दुधनीहून तिची शेळीसुद्धा यायची होती, पण विजापूर रोडवरच्या त्या अपार्टमेंटच्या नियमांत शेळी बसत नव्हती.

शिवपुत्र कसा गेला हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून त्यावर कुणी बोलत नव्हतं. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात तो मास्तर होता. कारखान्याने माग विकले, तो घरी बसला आणि हळूहळू बोलायचा थांबला. एके दिवशी, शेताकडे जाऊन येतो, संध्याकाळी दोनच भाकरी टाक, असं सांगून दुधनीला गेला आणि शेततळ्यात सापडला. चपला काठावर जोडीने ठेवलेल्या, चपलेत घड्याळ, घड्याळावर चष्मा. पाय घसरला, असं धाकटा भाऊ चनबसप्पा म्हणाला आणि तेच कायम झालं. शेततळ्यात अंथरलेला प्लास्टिकचा कागद निसरडा असतो, यात खोटं काहीच नाही. पण घसरण्याआधी चष्मा काढून ठेवणारा माणूस दुधनी पंचक्रोशीत कुणी पाहिलेला नव्हता. तरी समाचाराला आलेल्या प्रत्येकाने मान हलवून म्हटलं, "निसरडंच असतंय ओ ते."

प्रियदर्शनीची अडचण अशी झाली, की घसरलेल्या माणसावर रागावता येत नाही. त्याच्यासाठी रडता येतं फक्त. ती रडली, रीतसर रडली. पण राग आत तसाच राहिला. दोनच भाकरी टाक म्हणे. बरं, रागवायचं तर निदान एक दार लागतं, जे आतून लावता येतं. न्हाणीघराची कडी गंजली म्हणून चनबसप्पा काढून घेऊन गेला होता, ती अजून ‘दुरुस्तीला’ होती. गॅलरीला त्याने जाळी ठोकली, कबुतरं येतात म्हणून. विजापूर रोडला कबुतरं आधीपासून होती. जाळी तेवढी नवी होती.

आणि पाणी. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे येतं त्या दिवशी अख्खी इमारत पाणी आलं, पाणी आलं करत जिन्यात धावते. प्रियदर्शनीच्या दारापाशी मात्र तीच माणसं आवाज उतरवून ‘नळ आला’ म्हणत. मायाक्का तांब्या पुढे करताना नुसतं "घे, पी" म्हणायची. वर्षभर त्या घरात सगळ्यांनी पाणी प्यायलं, भरलं, उकळलं, पण त्याचं नाव काही कुणी घेतलं नाही.

अशा स्थितीत, एका दुपारी शाळेच्या ऑफिसात बसल्या बसल्या, प्रियदर्शनीच्या फोनवर एक जहाज आलं.

ती मुलींच्या शाळेत क्लार्क होती. बोनाफाइडचे अर्ज तपासता तपासता अंगठा चुकून कुठेतरी लागला, आणि पडद्यावर एक बाई आली. साधारण तिच्याच वयाची. बाई डेकवरच्या आरामखुर्चीत बसली होती, पायावर शाल, समोर समुद्र आणि आजूबाजूला, मैलोन्‌मैल, कुणीही नाही. खाली लिहिलं होतं, एकट्याने प्रवास करणाऱ्यांचेही स्वागत. मुंबईहून निघायचं, समुद्रात हिंडायचं, गोव्याला टेकायचं, परत यायचं. जेवण तयार, अंथरूण तयार, कुठे जायचं हे जहाजच ठरवणार.

प्रियदर्शनीने तो फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. बाईच्या मागे कुणी उभं तर नाही ना, याची खात्री करून घेतली.

आता कुणी म्हणेल, एकटंच राहायचं होतं तर गोव्याला बसने जावं, पुण्यात लॉज घ्यावा. पण लॉजवर माणूस येऊ शकतो. चनबसप्पा तर पहिल्या गाडीने आला असता. जगात अशी एकच जागा तिला दिसली, जिथे ‘इकडून चाललो होतो, म्हटलं डोकावून जावं’ असं म्हणत कुणाला येता येत नाही. शिवाय समुद्रात फोनलाही रेंज नसते म्हणतात. तिला काही फार करायचं नव्हतं. आतून कडी लावून पलंगावर आडवंतिडवं झोपायचं होतं. कुणी ‘जेवलीस का’ विचारणार नाही अशा ठिकाणी जेवायचं होतं. आणि एकदा, कठड्यापाशी उभं राहून, जे सगळ्यांना माहीत होतं ते वाक्य वाऱ्यात मोठ्याने म्हणून बघायचं होतं. नवऱ्याला चार शब्द सुनावायचे होते. बस.

शाळेतल्या इफ्रा नावाच्या मुलीचे वडील हारूनभाई यांची ‘सफीना टूर्स’ नावाची कंपनी होती. कंपनी म्हणजे दोन बसगाड्या आणि एक टेबल. सफीना म्हणजे जहाज, पण त्यांच्या गाड्या गुलबर्गा आणि अजमेरला जात. जहाजाचं बुकिंग त्यांनी जन्मात केलं नव्हतं, आणि ते कळू नये म्हणून त्यांनी कॉम्प्युटरची पाठ प्रियदर्शनीकडे वळवली.

"एकट्या?" हारूनभाईंनी विचारलं.

"एकटी."

"मतलब, साहब नई..." ते बोलता बोलता अडखळले. "माफ करा मॅडम. मशीन विचारतंय, दुसरे कोन."

"मशीनला सांगा, कुणी नाही."

मशीन ऐकेना. दुसऱ्या प्रवाशाचं नाव भरल्याशिवाय ते पुढे सरकतच नव्हतं. हारूनभाईंनी मुंबईला फोन लावला, उभं राहून बोलले, बसून बोलले, आणि शेवटी कपाळावरचा घाम पुसून निकाल सांगितला. "मॅडम, बोटीत खोली दोघांचीच असते. एकटं झोपायचं तर झोपा, पण पैसे दोघांचे लागतात. एक पलंग तुमचा, एक खाली, मतलब रिकामा."

प्रियदर्शनीने मनात शिलकीचा हिशोब केला. पण वर्षभर दुसऱ्याच्या घोरण्याच्या तालावर झोपलेल्या बाईला रिकाम्या पलंगाची किंमत कळते. तिने आपल्या पगारातल्या शिलकीतून पैसे भरले. समुद्राकडे गॅलरी असलेली खोली घेतली.

इथवर सगळं ठीक होतं. चूक पुढे झाली, आणि ती चूक फक्त आपल्यातलीच माणसं करू जाणोत. तिने घरी जाऊन खरं सांगितलं.

बोटीने जाते म्हटल्यावर मायाक्काच्या हातातली भाकरी तव्याऐवजी ओट्यावर पडली. एकटी जाते म्हटल्यावर ती खाली बसली. आता काहीतरी बोलेल म्हणून प्रियदर्शनी वाट बघत राहिली, पण मायाक्काने बराच वेळ पदराचं टोक चोळलं आणि विचारलं, "आन् दुसरा पलंग?"

"कुठला दुसरा?"

"दोघांचं पैसं भरलं म्हनलीस न्हवं? मग दुसऱ्या पलंगावर कोन?"

"कुणी नाही, अक्का. रिकामा."

"रिकामा जानार? पैसं भरून?"

संध्याकाळपर्यंत ही बातमी इमारतभर झाली, आणि गंमत अशी की एक विधवा बाई एकटी समुद्रात निघाली याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. सगळा कल्लोळ झाला तो पलंगावरून. पैसे भरलेला पलंग रिकामा समुद्रात जाणार, हे दुःख लोकांना मोकळेपणाने करता येत होतं. वरच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, माझी आई येईल की, तिला काहीच लागत नाही. वॉचमन म्हणाला, मॅडम, निदान सामान तरी ठेवा त्याच्यावर.

खालच्या मजल्यावरचे बापूसाहेब स्वतः वर आले. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, सारं आयुष्य पाण्यावर फायली लिहिलेली. खुर्चीत बसून त्यांनी घसा साफ केला.

"वहिनी, पाण्याचं एक असतं..." ते म्हणाले, आणि मायाक्काने स्वयंपाकघरातून पातेलं आपटलं. "म्हणजे हवामानाचं. हवामानाचं एक असतं. मी म्हणतो, हवापालट पाहिजे, जरूर पाहिजे. महाबळेश्वरला जा ना." एवढं बोलून त्यांच्या डोळ्यांसमोर तिथले पॉइंट आले असावेत. "नाही, महाबळेश्वर नको. तिथे कडे फार. माथेरान... तिथेही तेच. पन्हाळा... छे." बापूसाहेबांनी मनातल्या मनात सह्याद्री उतरून पूर्ण केला आणि मोठ्या समाधानाने म्हणाले, "अक्कलकोटला जा. अक्कलकोट कसं सपाट आहे."

प्रियदर्शनीने त्यांना चहा दिला. तिला ते का सपाट जागा शोधत होते हे कळत होतं. त्यांनी ते म्हणावं आणि तिने नाही म्हणावं, एवढं सोपं काम होतं. पण बापूसाहेबांनी चहात बिस्किट बुडवलं, ते विरघळून तळाला गेलं, आणि त्यांनी घाईघाईने बशी बाजूला सारली. तो विषय तिथेच संपला.

चनबसप्पा चिंचोळीच्या कारखान्यात सुपरवायझर होता. तो आला, वहिनीसमोर मान खाली घालून बसला, चांगलंय की, जावा की, म्हणाला. आणि तिथून सरळ सफीना टूर्सच्या टेबलापाशी गेला.

दुसऱ्या दिवशी हारूनभाईंचा फोन. "मॅडम, एक कागद राहिला. डॉक्टरचा."

डॉक्टर ओळखीचे होते. त्यांनी रक्तदाब बघितला, छाती तपासली, आणि मग पेन उघडून बंद करत विचारलं, "झोप लागते?"

"अक्का घोरते त्या मानाने लागते."

"भूक?"

"आहे."

"एकटं वाटतं का?"

"वाटायला मिळत नाही, डॉक्टर. त्यासाठीच निघालेय."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, पेन उघडलं, आणि लिहिलं, प्रवासास योग्य. मग आणखी थोडं लिहिलं, सोबतीसह.

हा कागद घेऊन प्रियदर्शनी जिन्यातच उभी राहिली. पंचवीसेक वर्षं तिने पालकांचे अर्ज एकेका सहीसाठी परत पाठवले होते. वडिलांची सही आणा, शिक्का आणा, गॅझेट आणा. आज कुणीतरी तिचं हत्यार उचलून तिच्यावरच चालवलं होतं, आणि नियमानुसार ते बरोबर चाललं होतं. तिला चीड आली त्याहून जास्त लाज वाटली. प्रौढ बाई, स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या देशाच्या समुद्रात जाते, आणि तिच्या कपाळावर कुणी लिहून देतं, सोबतीसह. जशी काही ती काचेची बरणी.

पुढचा कागद आला घरच्या वडीलधाऱ्यांच्या संमतीचा. असा कागद जगातली कुठलीही बोट मागत नाही, हे तिला माहीत होतं. हारूनभाईंनाही माहीत होतं, कारण फोनवर ते मागताना त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की तिलाच त्यांची दया आली.

"हारूनभाई, हा कागद बोटीने मागितला की चनबसप्पाने?"

"मॅडम," ते म्हणाले, "इफ्राची कसम घ्यायला नका लावू."

चनबसप्पाने सही केली. अट एकच. दुसरा पलंग तसाही भरलेला आहे, त्यावर अक्का जाईल. वाया कशाला घालवायचं? प्रियदर्शनी भांडली. पैसे माझे, पलंग माझा, मी त्याच्यावर लोणच्याची बरणी ठेवीन. चनबसप्पा ऐकून घेत राहिला. तो भांडत नाही, ही त्याची खोड. नुसता बसून राहतो आणि हळूहळू त्याचे डोळे लाल होतात. शिवपुत्राचे व्हायचे तसेच. तिने शेवटी हात जोडले आणि अक्काला म्हणाली, "चला."

पण एकदा फुटलेला बांध थांबत नसतो. दोन बायकाच कशा जाणार, म्हणून चनबसप्पाने शेजारची खोली घेतली. ती खोली दोघांची, मग त्याचा दुसरा पलंग रिकामा, तो बापूसाहेबांनी उचलला. जाणकार माणूस बरोबर पाहिजे म्हणाले. हारूनभाईंनी विचार केला की आता पुढेमागे असली गिऱ्हाइकं येणार तर तजुर्बा हवा, आणि तेही निघाले. निघण्याच्या पहाटे स्टेशनवर त्यांनी एक कापडी फलक उलगडला. ‘सोलापूरकरांची समुद्रसफर. सौजन्य सफीना टूर्स.’ फलकाचं एक टोक धरायला माणूस कमी पडला, म्हणून ते प्रियदर्शनीच्या हातात दिलं. एकटीने प्रवास करण्याचा तिचा पहिला फोटो तो असा निघाला.

मुंबईच्या बंदरावर सामान तपासणीच्या यंत्रात मायाक्काची ट्रंक अडकली. आत पडद्यावर गोल गोल चकत्यांची चळत दिसत होती आणि बाजूला कसल्याशा पुडीची पाकिटं. पहाऱ्यावरच्या माणसाने ट्रंक उघडायला लावली.

"ये क्या है?"

"कडक भाकरी," मायाक्का म्हणाली. "आन् शेंगाचटणी."

बोटीवर बाहेरचं खाणं नेता येत नाही, असं तो समजावू लागला. वर जेवणाला तोटा नाही, सकाळपासून चालूच असतं, म्हणाला. मायाक्काने विचारलं, "भाकरी असती?" तो म्हणाला, नाही. "मग तोटाच हाय की," ती म्हणाली. अर्धा तास रांग थांबली. शेवटी चटणीचं एक पाकीट फुटलं, पुढचे मागचे सगळे शिंकू लागले, आणि त्या गोंधळात भाकऱ्या राहिल्या अलीकडे, माणसं गेली पलीकडे. मशेरीची डबी तेवढी मायाक्काने कमरेला लपवून पार केली.

जहाज खरंच मोठं होतं. सिद्धेश्वराच्या जत्रेत रोषणाई असते तशी आत रोषणाई, आणि पायाखाली गालिचा. प्रियदर्शनीचं मन जरा उचललं. खोलीत शिरल्याबरोबर तिने समुद्र बघायला म्हणून पडदा ओढला. पडद्यामागे भिंत होती. भिंतीवर समुद्राचं चित्र होतं.

ती तशीच पडद्याची दोरी धरून उभी राहिली. दारात चनबसप्पा होता.

"गॅलरीची खोली मी बदलून घेतली, वहिनी," तो पायाशी बघत म्हणाला. "वारा लागतो तिथं."

"वारा खायलाच आले होते."

"ही बरी. जहाजाच्या मधोमध हाय."

दोन पलंग होते, ते एकमेकांना जोडून ठेवलेले. मायाक्काने दाराकडचा धरला. ट्रंक दाराला टेकवून ठेवली.

मग सगळ्या प्रवाशांना एकत्र बोलावून, संकट आलं तर नारिंगी जाकीट कसं घालायचं ते शिकवण्यात आलं. बाकीच्या लोकांनी फोटो काढून घेतले. सोलापूरच्या मंडळींनी मात्र तो तास ज्या एकाग्रतेने ऐकला, तशी एकाग्रता प्रियदर्शनीने दहावीच्या वर्गातही पाहिली नव्हती. मायाक्काने पट्टा कसा आवळायचा, शिटी कुठे असते, सगळं दोनदा विचारून घेतलं. शिकवणारी मुलगी म्हणाली, आता काढून ठेवा. मायाक्का म्हणाली, "र्‍हाऊ दे की. काय टोचत न्हाय." प्रियदर्शनीच्या अंगातलं तिने काढू दिलं नाही. बापूसाहेबांनी, आपलं एक वेगळं दिसायला नको, म्हणून आपलंही ठेवलं. जेवणाच्या दालनात झुंबरं लागलेली, बायका झुळझुळीत कपड्यांत, आणि मधोमध एका गोल टेबलाभोवती सोलापूर, सगळं नारिंगी, हात नीट ताटापर्यंत पोचत नाहीत म्हणून एकमेकांना कोशिंबीर सरकवत. वाढपी येऊन हळूच विचारून गेला, काही अडचण आहे का. हारूनभाई म्हणाले, "नई नई. हमारे तरफ ऐसाइच रहता."

प्रियदर्शनीला हसू आलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की तिच्या जाकिटाच्या मागच्या पट्ट्यात चनबसप्पाचं बोट अडकवलेलं आहे. तो दुसऱ्या हाताने जेवत होता. तिने पाणी मागितलं. टेबलावरचे सगळे एकदम आपापल्या ताटात बघू लागले आणि मायाक्काने ग्लास पुढे केला. "घे, पी."

सकाळी जाग आली तेव्हा तिला उठता येईना. पदर कशाला तरी अडकला होता. तिने ओढून पाहिला. मायाक्काने आपल्या पदराची आणि तिच्या पदराची गाठ मारून ठेवली होती. लग्नात मारतात तशी, पक्की. स्वतः ती तोंड उघडं टाकून झोपली होती, जाकिटासकट, एक हात गाठीवर. वर्षभर जागरण केलेल्या म्हाताऱ्या बाईचा चेहरा इतक्या जवळून प्रियदर्शनीने प्रथमच पाहिला. डोळ्यांखाली काळं झालं होतं. प्रियदर्शनीला तिची माया आली, आणि संतापही आला, आणि दोन्ही एकाच वेळी येतात तेव्हा काय करायचं हे कुणी शिकवलेलं नसल्यामुळे तिने गाठ सोडवली. हळूच सोडवली. नारिंगी जाकीट पलंगावर ठेवलं, ट्रंक सरकवली आणि बाहेर पडली.

वरच्या डेकवर तीच आरामखुर्ची होती. तिच्यासारख्या आणखी पन्नास होत्या हे फोटोत दिसलं नव्हतं, पण सकाळच्या वेळेला त्या सगळ्या रिकाम्या होत्या. आणि समुद्र. सोलापूरच्या माणसाने इतकं पाणी एकदम बघायची सवय ठेवलेली नसते. तिने यंत्रातून कागदी पेल्यात चहा घेतला, तो अगदी मिळमिळीत होता, आणि तिला तो आवडला. ती चालत कठड्यापाशी गेली. कठडा छातीपर्यंत उंच, गार, जरा ओलसर. तिने त्यावर दोन्ही हात ठेवले. वारा इतका होता की काहीही म्हटलं तरी ते कुणाला ऐकू गेलं नसतं. जाळी नव्हती. दार नव्हतं, पण दाराची गरजही नव्हती. तिने मोठा श्वास घेतला. मनातल्या मनात म्हणाली, शिवपुत्र, आता ऐका. आणि तोंड उघडलं.

मागे काहीतरी चरचरलं. फोम फोमवर घासल्यासारखं.

ती वळली. सगळे होते. जाकिटं घालून. बापूसाहेब हात मागे बांधून ढगांची तपासणी करत होते. हारूनभाईंनी मोबाइल समोर धरला होता, पण उलटा. चनबसप्पा तिच्यापासून हाताच्या अंतरावर, अनवाणी, धावत आल्यासारखा. आणि सगळ्यांच्या मागे मायाक्का, जिना चढून दम लागलेली, एका हाताने आरामखुर्चीचा आधार घेतलेली.

"काय झालं?" प्रियदर्शनीने विचारलं.

"कुठं काय," चनबसप्पा म्हणाला. "हवा खायला आलो की."

"जाकीट घालून?"

"गारठा हाय, वहिनी."

प्रियदर्शनीने चहाचा पेला खुर्चीवर ठेवला. वर्षभराचा शांतपणा तिच्या हातातून सुटत होता, आणि तिने तो सुटू दिला. "बसा सगळे. बसा म्हणते ना. चनबसप्पा, अजून जवळ येऊ नका. मी काही करणार नाहीये. मला समुद्र बघायचा आहे. एकटीला. मला जेवायचं आहे, झोपायचं आहे, निवृत्तीनंतर वीस वर्षं पेन्शन घ्यायचं आहे. तुम्हाला काय वाटतं ते एकदा माझ्या तोंडावर बोला, म्हणजे मी नाही म्हणेन आणि तुम्ही खाली जाऊन नाश्ता कराल."

"छे छे," बापूसाहेब म्हणाले. "वहिनी, तुम्ही काही कराल असं आमच्या कुणाच्याही मनात..."

"काय करीन असं?"

बापूसाहेबांनी पुन्हा ढगांकडे पाहिलं. "म्हणजे... तेच. काहीच नाही."

"हारूनभाई, तुम्ही सांगा."

"मॅडम, मैं तो तजुर्बे के वास्ते आया," हारूनभाई म्हणाले आणि मोबाइल खिशात ठेवला.

चनबसप्पाचे डोळे लाल झाले होते. "वहिनी, तसं काय न्हाय ओ. इथं दव पडतंय. फरशी ओली असती. कुनाचा बी पाय घसरू शकतो. दादाचा कसा, त्या कागदावरून..."

वारा सगळ्यांच्या जाकिटांचे पट्टे फडफडवत राहिला. दूर कुठेतरी नाश्त्याची घंटा झाली आणि कुणीही हललं नाही. मायाक्का आरामखुर्चीत बसली होती. जाकिटाचं बक्कल तिला उघडत नव्हतं. ती ते दोन्ही हातांनी ओढत होती, आणि ओढता ओढता, कुणाकडेही न बघता, समोरच्या पाण्याकडे बघत म्हणाली,

"पुरं कर, चन्या. शिवू घसरला न्हाय. शिवूनं उडी मारली."